आत्याचं कालचं पाणी

आमच्या आत्याच्या घरात कालचं पाणी औषधालाही सापडत नसे. सकाळची अंघोळ झाली की घागर, कळशी, तांब्या, सगळं उपडं व्हायचं, राखेनं घासलं जायचं आणि नव्यानं भरलं जायचं. देवासला नळ रोज येत नाही, पण त्याची फिकीर आत्याला नव्हती. शेजारच्या भाभीजींच्या बोरिंगवर तिचा हक्कच होता. कालचं पाणी म्हणजे शिळं, ते अंगणातल्या जास्वंदीला. भाभीजी हसून म्हणायच्या, "आत्याजी का गुड़हल पूरे देवास में सबसे ज़्यादा नहाता है."

मी तिच्या भावाचा मुलगा. नोकरीसाठी धारहून देवासला आलो, चार दिवस म्हणून तिच्याकडे उतरलो आणि राहिलोच. आत्या लाड मराठीत करायची आणि रागवायची हिंदीत. "निकल बाहर, चप्पल लेके चौके में आता है!" असं ऐकू आलं की समजावं, आज सोवळं मोडलं. मी तिची थट्टा करायचो, पण तिचं सोवळं माणसाला तोडणारं नव्हतं. भाभीजींचा चहा तिच्याच ओट्यावर व्हायचा.

मग तिचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. आत्या बोलेनाशी झाली. घागरी तेवढ्या भरायची, बाकी जेवणसुद्धा माझ्या आग्रहाखातर. मला मनापासून भीती वाटायला लागली की हीही आता फार दिवस काढायची नाही. घरात काहीतरी हलतं-डुलतं असावं म्हणून मी एक काचेची टाकी आणि दोन गोल्डफिश घेऊन आलो. दुकानदारानं बजावलं होतं, "भिया, टंकी नई है. सारा पानी एक साथ मत बदलना." मी ते घरी सांगितलं. आत्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

माशांशी मात्र ती बोलू लागली, आणि त्या आनंदात मी टाकीकडे नीट पाहिलंच नाही. मी कामावर गेलो की आत्या टाकी रिकामी करायची, तळाचे खडे राखेनं घासायची, पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज नळाखाली पिळायची आणि ताजं पाणी भरायची. "कालचं पाणी मी मेहमानाला देत नाही, ह्या मुक्या जिवांना देऊ?" आठवडाभरात एक मासा वर तरंगला. दुसरा पर मिटून तळाशी बसला.

"माझ्या हाताला यशच नाही रे," ती म्हणाली. "आधी ते गेले, आता हा. ह्या दुसऱ्याला तरी परत देऊन ये." पुन्हा ती कोपऱ्यात जाऊन बसली. आता प्रश्न एकट्या माशाचा राहिला नव्हता.

संध्याकाळी ती दूध कोमट करत होती, तेव्हा मी पुन्हा समजवायला बसलो. माशाची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे चांगले जंतू खड्यांवर, स्पंजवर हळूहळू वस्तीला येतात. तू ते रोज घासून काढतेस. "चांगले जंतू?" तिनं माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. मग दुधावर धरलेला तिचा चमचा थांबला. लग्नात धारहून तिनं झाकणाच्या वाटीत विरजण आणलं होतं आणि ते आजतागायत संपू दिलं नव्हतं.

"म्हणजे विरजण?"

"विरजणच समज."

"मग असं सांग ना, मेल्या! विरजणच धुऊन टाकलं तर दही लागेल कसं? दुकानवाल्याला काय समजतं, पानी मत बदलना म्हणे!"

दुसऱ्या दिवसापासून अंगणात वर विरळ फडकं बांधलेली एक बादली दिसू लागली. नळाच्या पाण्याचा औषधी वास उडावा म्हणून ती दिवसभर तशीच राहायची. मग टाकीतलं थोडंसं पाणी काढायचं, बादलीतलं तेवढंच घालायचं, आणि स्पंज काढलेल्या पाण्यातच खळबळायचा. तळाशी बसलेला मासा वर आला, पर पसरून फिरू लागला. आत्यानं त्याचं नाव केशरराव ठेवलं. खाणं चिमूटभर, आणि एकादशीला तेही नाही. "हावरट आहे. तुझ्यासारखाच," ती मला म्हणायची. उपास केशररावांना मानवला. आत्याही जेवू लागली. गल्लीतल्या बायकांना बोलावून ती टाकी दाखवायची आणि विरजणाचं शास्त्र ऐकवायची. ते घर मला पुन्हा घर वाटू लागलं.

यंदा चैत्रात आत्या गेली. थोडक्या आजारात, फार हाल न होता. माणूस गेलं की घरात भरलेलं सगळं पाणी ओतून टाकायची आमच्याकडे रीत आहे. धारहून आलेल्या काकूनं घागरी, कळशा उपड्या केल्या आणि बादली घेऊन ती टाकीशी आली. "हेही ओतायचं ना रे?"

रीत आत्याचीच होती.

दारातून भाभीजी पुढे आल्या. "नहीं. आत्याजी मुझसे कहके गई हैं. सारा पानी फेंकना, केशरराव का मत फेंकना."

जन्मभर सोवळं पाळलेल्या बाईनं स्वतःच्या सुतकातून एक जीव वगळला होता. काकूनं बादली खाली ठेवली. मला रडू फुटलं. केशरराव काचेला तोंड लावून खायला मागत होते. मी डोळे पुसले आणि चिमूटभर दाणे टाकले.