नानांनी गोधडीत निजवलेला भात

शाळेची दुसरी घंटा झाली होती. मलकापूरहून आलेल्या एसटीचा कंडक्टर वर्गाच्या दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचे नाना गेले..." पहाटे, झोपेतच. आज तीन आठवडे झाले. पण नाना आठवले की आधी हसूच येतं. दोष त्यांच्या भाताचा.

नाना म्हणजे माझे वडील, मलकापूर स्टेशनातल्या मालधक्क्यावरचे कारकून. पन्नाशीपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरात पाण्याच्या पेल्यापलीकडे काही उचललं नव्हतं. मग स्टोव्हचा भडका उडून आईचा उजवा हात पोळला. शिक्षिका होण्यासाठीची माझी शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. "तू पुस्तक सोडू नको, मी पाह्यतो," म्हणत त्यांनी माळ्यावर पडलेला विजेचा कुकर खाली काढला. आत्याच्या यजमानांनी तो जहाजावरच्या नोकरीत असताना आणला होता. एक भांडं, एक झाकण, आणि भात शिजला की आपोआप वर येणारं एक बटण.

पहिल्या दिवशी भाताची खळ झाली... पण नाना हटले नाहीत. तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवायचे, त्यावर बोटाचं एक पेर बुडेल इतकंच पाणी, नव्या तांदळाला त्याहून कमी, भांड्याचं बूड कोरडं पुसूनच आत ठेवायचं, उतू जाऊ नये म्हणून तेलाचे दोन थेंब, हे सगळं ते चुकत चुकत शिकले. आमच्याकडे भात सणासुदीचा, म्हणून मग त्यातच ज्वारीच्या कण्या शिजू लागल्या, वर चाळणीत वांगी. आई कॉटवरून ओरडायची, "अहो, मीठ!"

अशातच सोनाळ्याची मंडळी मला पाहायला आली. पोळ्या-भाजी शेजारच्या काकूंनी करून दिली, भात नानांकडे. त्याला उकळी फुटली आणि वीज गेली. नानांनी झाकणाला हात न लावता कुकर आईच्या गोधडीत गच्च गुंडाळला आणि कॉटवर तिच्या कुशीशी ठेवला. तेवढ्यात मुलाची आई माझ्या आईची विचारपूस करायला आत आली.

"हे लेकरू कोणाचं निजलं हाय?"

"भात हाय," नाना म्हणाले.

बाईंनी गोधडीचा कोपरा उचलला. वाफ आली. "पोरीनं केला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही, म्या केला," नाना म्हणाले. "पोरीची परवा परीक्षा हाय. तिले मीच इकडे येऊ देल्लं नाही."

बाईंनी बाहेरच्या खोलीकडे वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या! पाहा, माणसालेही भात जमते!" जेवताना त्यांनी दोनदा भात मागून घेतला. निघताना म्हणाल्या, "परीक्षा होऊ द्या पोरीची, मंग तारीख काढू." त्या माझ्या सासूबाई झाल्या, आणि मी सोनाळ्याच्या शाळेत बाई.

परवा माहेरी आवराआवर करताना कपाटाच्या दाराआड पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी दिसल्या. अक्षर नानांचं. शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली, "बटण वर आल्यावर दहा मिनिटं उघडू नये."

आई इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. "म्हणून रोज बरोबर दहा मिनिटं माह्यापाशी येऊन बसत होते होय! अन् मले वाटे, याईले गप्पांची हौस आली..."

संध्याकाळी तिनंच भात लावला. टक्कन बटण वर आलं. पदराला हात पुसत ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बोल," म्हणाली, "दहा मिनिटं हायेत."