तळेगावातला निर्जळी रविवार

पुण्याहून निघताना आईने लग्नपत्रिका माझ्या पिशवीत नीट सरकवली आणि हळूच म्हणाली, "मावशीने चहा दिला तर एक घोट घे गं. तुमच्या देवाला एका घोटाने काय होणार आहे?"

"देवाला काही होणार नाही," मी म्हटलं. "मला होईल."

आई गप्प बसली. मी मॉर्मन झाले (ख्रिस्ती धर्मातला हा एक वेगळा पंथ), तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती. तिने मला अडवलं नाही, म्हणून तिची सख्खी थोरली बहीण, माझी शोभामावशी, तिच्याशी बोलायची थांबली ती आजतागायत. आता माझं लग्न ठरलं होतं आणि आईला एकच गोष्ट हवी होती, मंडपात शेजारी बहीण. तेवढ्यासाठी मी वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावला (श्यामजी पंत) निघाले होते.

वर्ध्याला सकाळी उतरले. स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्रीने नाकातून पाणी काढलं, पण दुसरी प्लेट घेतलीच. आर्वीमार्गे जाणाऱ्या एसटीत शेजारी एक आजोबा बसले होते, हातात खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला) मळत. आर्वीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला.

"मी चहा घेत नाही, आजोबा. कॉफीही नाही."

"काऊन? डाक्टरनं सांगतलं काय?"

"नाही, आमच्या धर्मात नाही घेत. दारू नाही, तंबाखू नाही."

त्यांनी तळहातावरच्या खर्ऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग दिवसभर करता काय वो तुमी?"

आख्खी गाडी हसली, मीही हसले. पण खरं सांगते, या प्रश्नाचा मला कंटाळा आला आहे. एखादी बाई सोमवारी मीठ सोडते, कोणी चातुर्मासात वांगं सोडतो, त्यांना कोणी कारण विचारत नाही. मी चहा सोडला की मात्र गावाला माझी दया येते. मला कोणी बांधून ठेवलेलं नाही. हे माझं मी निवडलं आहे, आणि त्यासाठी माफी मागायला मी विदर्भात आले नव्हते.

आर्वी सोडल्यावर दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीचे पट्टे आणि तळेगाव जवळ आलं तशा संत्र्याच्या बागा. मावशी दारातच उभी होती. माझी लांब बाही आणि घोट्यापर्यंतचा ड्रेस तिने वरपासून खालपर्यंत पाहिला.

"कपडे त बरे घालते," ती म्हणाली. तेवढंच कौतुक. मग आतून चहा आणला, दुधाचा, दाट, आलं ठेचून घातलेला.

"मावशी, मी चहा नाही घेत."

"माहीत हाय मले. पण हा माह्या घरचा हाय."

"तुझ्या घरचं पाणी घेते, जेवण घेते. चहा नाही."

तिने कप उचलला आणि माझ्यादेखत मोरीत ओतला. पत्रिकेला तिने हातही लावला नाही. रात्री मात्र रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी केली, आणि तूप वाढताना हात आखडला नाही. भांडणातही पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, ही तिची रीत.

आणि नेमकी दुसऱ्या दिवशी मी उपाशी राहिले. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उपास करतो, पाण्याशिवाय.

"मंग साबुदाणा टाकतो," मावशी म्हणाली. "चहा त उपासाले चालते."

"नाही मावशी. पाणीसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत."

तिचा चेहरा बदलला. मला वाटलं, तिला काळजी वाटली. मी प्रार्थना करून ओट्यावर वाचत बसले. दुपारपर्यंत शेजारच्या वच्छलाबाईंसकट निम्मी गल्ली येऊन मला पाहून गेली. वच्छलाबाई आत जाऊन मावशीला म्हणाल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं, "शोभे, पोट्टी तुह्या दारात उपाशी बसली वं. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राह्यतो आपण, सत्याग्रह समजत नाई काय आपल्याले? जाय ना लग्नाले!"

"बसू दे!" मावशी कडाडली. "तिले जमते त मलेबी जमते."

तिने जेवण बंद केलं. चहाही बंद केला. दिवसातून पाच-सहा वेळा चहा पिणारी माझी मावशी दुपारी डोक्याला फडकं घट्ट बांधून भिंतीला टेकून बसली होती. शेवटी तीच उठली. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आदळून म्हणाली, "येईन लग्नाले. झालं? सोड आता तो उपास, अन मलेबी चहा पिऊ दे!"

हवं ते समोर आलं होतं. नुसतं दोन घोट पाणी प्यायचं होतं, आईची बहीण परत मिळत होती. माझा हात तांब्याकडे गेलाही. पण ते पाणी खोटं झालं असतं. ज्या मुलीने चहाच्या घोटासाठी एवढा ताठा दाखवला, तिने पाण्याच्या घोटात खोटं बोलायचं?

"मावशी, मी सूर्य मावळल्यावरच सोडणार. हा उपास तुझ्याविरुद्ध नाही. दर महिन्याचा आहे."

"म्हन्जे?" तिने फडकं सोडलं. "मी दिवसभर बिनचहाची फुकटच राह्यली?"

"उपास नेहमीचाच. देवाकडे मागणं मात्र यावेळी तुझंच होतं."

तिने चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून एकटीच प्यायली. 'येईन' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. संध्याकाळी मी उपास सोडला तेव्हा तिने गरम दूध पुढे सरकवलं. त्या रात्री मला खूप रडू आलं. पण पुन्हा वेळ आली असती तर मी तेच केलं असतं.

सोमवारी ती एसटीपर्यंत आली. पिशवीत संत्री कोंबली आणि गाडी सुरू होताना खिडकीशी येऊन विचारलं, "लग्नात चहा ठेवशीन?"

"नाही."

"पाहुण्यायसाठीबी नाई?"

"नाही, मावशी."

"मंग मी माही शेगडी घेऊन येईन. मंडपाच्या बाहेर मांडीन. पाहतो कोण थांबवते मले!"

गाडी निघाली तरी ती कमरेवर हात ठेवून उभीच होती. रस्ताभर मी संत्री सोलत विचार करत होते. आईच्या माहेरच्या बायका वाकत नाहीत, हे मी उगीच नव्या धर्माच्या खात्यावर टाकत होते. ते तर तळेगावचंच आहे.

पुण्यात दार उघडताच आईने विचारलं, "घेतलास घोट?"

"नाही."

तिचा चेहरा पडला. "मग ती नाही यायची."

"येतेय. शेगडी घेऊन, भांडायला."

आईने पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातली मोठी किटली शोधायला लागली.