सहाणेवरचं चॉकलेट

दूध घालणारा राघू माणचाच, म्हणजे माझ्या सासरच्या गावचा. एरवी जिन्याखालूनच सायकलची घंटा वाजवून हाका मारतो. त्या सकाळी तो वर आला, चपला काढून दारातच उभा राहिला. "वैनी, आज दूध न्हाई आनलं… आक्का गेल्या." आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्याला आता दीड महिना होत आला. तेराव्याला माणच्या घरी सगळ्यांनी रीतीप्रमाणे गोड घास घेतला, मी मात्र ताटातली लापशी बाजूला सारली. वाढणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बघेनात का, म्हटलं.

आक्कांचं आणि माझं गुळपीठ कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की त्याचा देव करायचा, ही पद्धत मला पटत नाही. मी मूळची चांद्याची, पण पुण्याला मामांकडे राहून सातवी पास झालेली. त्यामुळे नाकावर माशी बसू देत नव्हते. आक्कांना अक्षरओळख नाही आणि तोंड असं फटकळ की विचारू नका! गावातल्या निम्म्या बाळंतपणांना त्यांचाच हात लागलेला, म्हणून कुणी उलटूनही बोलत नसे. लग्न होऊन आले त्या दिवशी माझी पुस्तकांची ट्रंक बघून म्हणाल्या, "बरी हाय. भाताचं बी ठिवायला हुईल." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारशाला तीन दिवस उरले होते. माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात होते, अळीव भिजत घातलेले होते. जिच्यासाठी ते खायचं, तीच राहिली नाही. मग ते गोड माझ्या घशाखाली उतरायचं कसं? कुणी लाडू पुढे केला की मी तोंड फिरवायची. मग भाकरीही नकोशी झाली. अंगात ताप मुरला, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सासूबाई रडून विनवायच्या, आमचे हे उंबऱ्यात बसून राहायचे. आज लिहायला काय लाजायचं… मला जगायचंच नव्हतं.

अशात एका दुपारी आक्का सहाण घेऊन आल्या आणि माझ्या उशाशी फतकल मारून बसल्या. बाळगुटी उगाळायची त्यांची ती नेहमीची सहाण. ती बघताच मी भिंतीकडे वळले. "तुला ग्वाड न्हाई ना खायाचं? नगं खाऊस," त्या म्हणाल्या. "ह्ये कडू हाय. विलायती मुळी हाय, तुज्या भावजींनी लष्करातनं आनलीया. नाक दाब आनि घे." कडू म्हटल्यावर मी तोंड उघडलं. कडूच हवं होतं मला. आणि ते होतंही विषासारखं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी मात्र चाटण जिभेवर रेंगाळलं आणि मला पुण्याची शाळा आठवली. बक्षीस समारंभाला आलेल्या एका बाईंनी आम्हा मुलींना चकचकीत कागदातली एकेक तपकिरी वडी वाटली होती. अगं बाई, हे तर चॉकलेट! आक्कांनी चक्क चॉकलेटची वडी औषधी मुळी समजून, कडूजहर काडेचिराइताबरोबर शेळीच्या दुधात उगाळली होती.

काय हे अडाणीपण, असं मनात आलं. सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. कारण दुपार झाली की सहाणेच्या घासण्याकडे माझे कान लागायला लागले होते. हे औषध आहे, गोड नव्हे, असं मी स्वतःलाच बजावत राहिले. औषधामागून थोडी पेज गेली, पेजेमागून भाकरी गेली. महिनाभरात मी उठून अंगणात आले.

पुढे यांना पुण्यात कारखान्यात नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड इकडे आलं. मुलं झाली, चार ओळखी वाढल्या. आणि मी काय करावं? हळदीकुंकवाला बायका जमल्या की ही गोष्ट रंगवून सांगायला लागले. "आमच्या जाऊबाईंनी चॉकलेटची मात्रा उगाळली हो!" बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. एकदा आक्का डॉक्टरला दाखवायला आल्या होत्या आणि आतल्या खोलीत होत्या, याचं मला भानच राहिलं नाही. त्या दारात आल्या तशी माझी बोबडी वळली. पण पदर तोंडाला लावून त्याही हसतच होत्या. "थांबलीस का? सांग की फुडं," म्हणाल्या.

मग मी वाचनालयातून एक पुस्तक आणून त्यातलं त्यांना सांगितलं, तेही जरा डिवचायलाच. म्हटलं, सातासमुद्रापलीकडे जुने लोक हे चॉकलेट कडूच प्यायचे, त्यात मिरची घालायचे, देवालाही दाखवायचे. पुढे युरोपात गेलं तर तिथले वैद्य ते शक्तीचं औषध म्हणून द्यायचे. आमचे डॉक्टर म्हणतात, थोडी तरतरी येते, बाकी सगळी साखर, दात तेवढे किडतात. आक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मिरची घालून? मंग त्यास्नी बी कुनाला तरी फशिवायचं आसल," म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. सातवी पास बाईला त्यातलं काही कळलं नाही.

शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. त्यांच्या लघवीत साखर निघाली होती, पायाची जखम भरत नव्हती. मी मात्र हौसेने चॉकलेटची मोठी वडी नेली. आक्कांनी कागद उलगडून नुसता वास घेतला. "मला डाक्टरनं ग्वाड बंद केलंया," म्हणाल्या. मग तरीही हरभऱ्याच्या डाळीएवढा कोपरा तोडून जिभेवर ठेवलाच आणि डोळे मिटले. "सुमे, मी येडी न्हवं. माजं लगीन झालं त्याच वर्साला तुज्या भावजींनी पयल्यांदा आनलं, तवा माळ्यावर बसून निम्मं मीच खाल्लं हुतं. ग्वाड आसतंय, ठावं हुतं की मला."

"मग मुळी आहे म्हणून का सांगितलंत?"

"ग्वाड म्हनलं आसतं तर तोंड उगाडलं आसतंस व्हय? मरायला टेकली हुतीस. पयल्या दिशी सहाणंवर चिराइताचं धा वेढं दिलं आनि चाकलेटाचा येक. मंग रोज चिराइताचा येक कमी, चाकलेटाचा येक जास्त."

मी वडीचा कागद मिटला. मग कसंबसं विचारलं, "आणि मी चारचौघींत तुमचं हसं करत होते, तेव्हा का नाही बोललात?"

"त्या दिसांची गोष्ट सांगताना तू हसायचीस," आक्का म्हणाल्या, "म्या म्हनलं, हसू दे… आता ती रडत न्हाई."

माफी मागायला मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "जा, चा टाक." चहा टाकला. माफी राहिली ती राहिलीच. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

मागच्या आठवड्यात राघू दुधाबरोबर एक गाठोडं घेऊन आला, आक्कांच्या सुनेने दिलेलं. आत सहाण, काडेचिराइताच्या काड्या आणि मी नेलेली ती वडी, एक कोपरा तुटलेली. राघू खाली बघत म्हणाला, "आक्का सांगून गेल्यात. म्हनल्या, सुमी माज्या मागारी ग्वाड खानार न्हाई. तिला म्हनावं, कडू हाय. नाक दाब आनि घे."

तो गेल्यावर मी पोटभर रडून घेतलं. मग दूध कोमट केलं आणि सहाण पुढ्यात घेतली.

आज सहावा दिवस. चिराइताचे पाच वेढे, चॉकलेटचे सहा.