अख्खा तळवा

आमच्या आत्याने जन्मभर लोकांच्या पायांशी बसून बूट विकले, पण तिची स्वतःची पावलं आम्ही कधी पाहिली नाहीत. तिचे तळवे सपाट होते. लहानपणी ओल्या पायांनी फरशीवरून गेली की अख्खा तळवा उमटायचा आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा, ओरडायचे, "बदक आलं!" घरात तेच नाव पडलं. बाबांना थट्टेचा भारी सोस. स्वतः मात्र भर उन्हाळ्यात घरात मोजे घालून फिरायचे. गार लागतं म्हणे!

यंदा आत्याची टाच इतकी दुखायला लागली की ती भिंतीला धरून चालायची. दुकानाचा मालक म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकापुढे लंगडून कसं चालेल? गोदामात बसा." ते तिच्या जिव्हारी लागलं. डॉक्टरांनी बुटात घालायला पायाच्या मापाचे इनसोल करून घ्यायला सांगितले. त्यांनी तळव्याच्या मधल्या कमानीला खालून आधार मिळतो, भार सगळ्या तळव्यावर वाटला जातो, टाचेला आराम पडतो. तिने ते करून घेतले, घातले, आणि दुखणं दुप्पट झालं. कमानीखाली खडा ठेवल्यासारखं टोचायचं.

बाबा आणि मी तिला घेऊन इनसोल करणाऱ्या बाईंकडे गेलो. बाईंनी तिचं पाऊल आणि पहिल्या मापाचा साचा शेजारी शेजारी धरला. साच्यात उंच कमान होती, पावलात नव्हतीच.

"माप देताना पाय आखडून धरला होतात का?"

आत्याची मान खाली गेली. "जरा बरा दिसावा म्हणून," ती पुटपुटली.

मला रागही आला आणि रडूही. आपल्याच पायाची एवढी लाज!

बाईंनी ठसा घ्यायची मऊ फोमची नवी पेटी पुढे ठेवली. "आता सैल सोडा." आत्याच्या पायाची बोटं वळलेलीच.

"घरात आणखी कुणाचे असे पाय आहेत?" बाईंनी सहज विचारलं.

"नाही हो. माझेच मेले."

बाबांचा चेहरा उतरला. ते खाली वाकले, बूट काढले, मग मोजे. फरशीवर टेकलेली पावलं हुबेहूब आत्याची होती.

"माझेही," ते म्हणाले.

आत्या बघतच राहिली. "दादा, आणि बदक मी?"

आत्याने पाय पेटीत टेकवला. या वेळी अख्खा उमटला.

नवे इनसोल घालून आत्या अजून दुकानातच उभी असते, दिवसभर. बाबा आता घरात अनवाणी फिरतात. ती आली, की पाय खुर्चीखाली ओढून घेतात.