आवाजाचं पॅकेज

मानकोलीच्या गोदामात खोके स्कॅन करून नोंदवणारा प्रोग्राम मी नव्याने बिल्ड करत होतो. त्याला आवाजाचं पॅकेज, म्हणजे आवाज काढणारा तयार कोड, हवं होतं, आणि त्या पॅकेजला आणखी वीस. खोके नोंदवायला गाणंबजावणं कशाला? मला शिसारी आली. आवाजाचा पर्याय बंद करून ती सगळी पिलावळ मी उडवून टाकली, आणि नवा प्रोग्राम खाली गोदामातल्या स्कॅनरवर चढवला.

दुपारी खाली गेलो, तर पाड्यावरून रोजंदारीला येणारी मावशी एकच खोका पुन्हा पुन्हा स्कॅन करत होती. तिला स्क्रीन वाचता येत नाही. 'टिक' वाजलं की ती पुढचा खोका घ्यायची.

"आज वाजतच न्हाय," ती ओशाळून म्हणाली. "माजंच कायतरी चुकलं आसंल."

स्कॅनरची काच तिने पदराने पुसून पुसून लखलखीत केली होती. सकाळची शिसारी आता मला माझीच आली.