दोनदा लावलेली मिसरी

रशियातून दातांची डॉक्टर होऊन मी आमच्या झरी गावात घरी आले, पण दवाखाना थाटायच्या आधी परदेशात शिकलेल्यांसाठीची इथली परीक्षा पास व्हायचं होतं. सरावासाठी मी शेजारच्या पाच बायकांना बोलावलं. "उद्या दात स्वच्छ घासून या," असं दहादा बजावलं. सकाळी त्यांनी आ केला आणि माझं डोकंच फिरलं. पाचही तोंडं मिसरीनं काळीकुट्ट!

"याला काय दात घासणं म्हणतात?" मी ओरडले.

"अगं पोरी, तुझ्यासाठी म्हणून दोनदा लावली की मिसरी!" त्यातली म्हातारी काकू म्हणाली.

भाजलेल्या तंबाखूची ती पूड म्हणजेच त्यांचं मंजन. झरीत वाढूनही मी हे साफ विसरले होते.

परीक्षेत माझ्या खुर्चीवर आलेल्या बाईचं तोंडही तसंच काळं होतं. मी हातातला आरसा खाली ठेवला. "मावशी, आधी चूळ भरा." तिसऱ्या चुळेला दाढेतली कीड स्वच्छ दिसली. परीक्षक हसले. "हे रशियात शिकवलं?"

"न्हाई सर, झरीत."

पास झाल्याचा पहिला पेढा मी काकूच्या हातावर ठेवला. तिनं तोंडावर पदर धरला.

"थांब पोरी, आदी चूळ भरू दे."