विकायच्या घराचं फाटक

सगळ्यात आधी खटकलं ते फाटक.

आमच्या धुळ्याच्या घराच्या लोखंडी फाटकाला मी स्वतः शिलाई मशीनचं तेल घातलं होतं. दोन्ही बिजागऱ्यांना, थेंब थेंब, रविवारी. पुढच्या रविवारी जळगावहून गेले, फाटक ढकललं, आणि ते असं किंचाळलं की माझ्या हातातली केळी खाली पडली!

तेल आठ दिवसांत कुठं जातं?

ऑफिसात डबा खाताना हे सांगितलं तर सगळ्या हसल्या. "वैशू, तुला ना, मांजर शिंकलं तरी चोर दिसतो!" हसोत बापड्या. त्यांनी कधी घर विकायला काढलेलं नाही. घर विकायला काढलं की किस्से माळ्यावरच्या भांड्यांसारखे निघतात. एकाला हात लावला की मागून तीन गडगडत येतात.

घर का विकायचं, तर नानांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून तिथं एकटेच राहतात. गेल्या उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडले. शेजारच्या इंदूअक्कांना त्यांची हाक ऐकू आली ती तासाभरानं! खरचटण्यावर निभावलं. पण तो तास माझ्या डोक्यातून जात नाही. अजूनही अवेळी फोन वाजला की मी आधी धुळ्याचा नंबर आहे का ते बघते. म्हणून मी ठरवलं, घर विकायचं आणि नानांना जळगावला माझ्याकडं आणायचं.

नाना रिटायर्ड वायरमन. जन्मभर खांबावर चढलेला माणूस. मला वाटलं, भांडतील, अबोला धरतील. तर म्हणाले, "इकी टाक, माय." माय म्हणजे मीच. नाना मला तशीच हाक मारतात.

विकून टाक! बस्स, एवढंच! संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

*

आमचे एजंट सुभाषभाऊ. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, फरशी बदलू नका, किचन तोडू नका. हॉलला रंगाचा एक हात मारा, गळके नळ दुरुस्त करा, चांगले बल्ब लावा, गच्चीला चुना द्या, फाटकाला तेल घाला. गिऱ्हाईक घर डोळ्यांनी कमी बघतं, कानांनी जास्त!"

मग हॉलला रंग काढला. आता आमच्या गल्लीत घराला रंग लागतो तो दोनच कारणांनी. श्रावणात घरात कानबाई देवी बसायच्या आधी, नाहीतर घरात लग्न असेल तर. आम्ही काढला मार्चमध्ये. रंगाऱ्यानं शिडी टेकवली आणि कठड्यापलीकडून इंदूअक्कांनी विचारलंच, "नाना, पोरनं लगीन जमनं का?"

नानांनी सरळ सांगावं ना, की घर विकतोय म्हणून? नाही! म्हणाले, "देखूत!"

त्या एका 'देखूत'वर गल्लीतून चार बायोडेटा आले. शनिवारी मी घरी पोचून चहा टाकतेय, तर अक्का मागच्या दारानं धावत आत. "वैशू, केस बांध! पाव्हणा उनात!" पाहुणे आले म्हणे.

हॉलमध्ये एक जोडपं आणि एक म्हातारीशी बाई बसलेली. बाई भिंतींकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग परत भिंतींकडं. मी एका दमात म्हणून टाकलं, "माफ करा, नानांनी तुम्हाला काही सांगितलं असेल, पण आमचा सध्या तसला काही विचार नाही!"

गृहस्थ ताडकन उठले. "मग जाहिरात कशाला दिलीत?"

सुभाषभाऊंनी पाठवलेलं गिऱ्हाईक होतं ते. पहिलंच!

नाना कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर सुलटाच होता, पण पान काही उलटत नव्हतं.

*

दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी मी कुणालाच बोलू दिलं नाही. सगळं घर मीच दाखवलं. न्हाणीपाशी आलो, आणि टप्, टप्, टप्...

ती बाई म्हणाली, "तुमच्याकडं नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही म्हणता, आणि आलेलं असं गळतं?"

अहो, आदल्याच आठवड्यात नवा वॉशर बसवला होता! मी कैलास प्लंबरला बोलावलं. त्यानं नळ उघडला. आत जुना, काळा पडलेला वॉशर! माझं डोकंच फिरलं. "नव्याचे पैसे घेतले आणि जुनाच बसवला?"

"ताई," कैलास पान्हा खाली ठेवून म्हणाला, "दहा रुपयांच्या वॉशरसाठी मी गल्लीत तोंड काळं करू का? मी नवाच लावला होता. घरातल्या कोणी हात लावला का, ते बघा."

"घरात आहे कोण? नाना!"

यावर कैलास हसला, मीही हसले. नानाही हसले. आमच्यात सगळ्यात मोठ्यानं.

*

सुभाषभाऊंचा नियम होता, उन्हाळ्यात घर सकाळी नऊच्या आत दाखवायचं, कूलर तासभर आधी चालू करून. तिसरं गिऱ्हाईक आलं भर दुपारी तीन वाजता. वेळ कुणी दिली? तर नानांनी. कूलर? बंद. वायरमनच्या घरात कूलर बंद!

नानांनी पाहुण्यांना नेमकं पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसवलं. वर म्हणाले, "खरं सांगतो साहेब, या भिंतीवर पापड चिकटवला तर भाजून खाली पडतो."

साहेब पाणीसुद्धा न पिता गेले. सुभाषभाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुमच्यावर कुणाचा राग आहे का?"

माझा संशय इंदूअक्कांवर. घर केवढ्याला जाईल, हे त्यांनी दोनदा विचारलं होतं. किल्ली त्यांच्याकडं असते. त्यांचा पुतण्या भाड्यानं राहतो, त्याला घर हवंच असणार. सगळं जुळत होतं! मी अक्कांकडून किल्ली परत मागून घेतली. अक्कांनी किल्ली पदरानं पुसून माझ्या हातात ठेवली.

*

याच दिवसांत एक उलटीच गोष्ट घडली. गच्चीवर आमची एक खोली आहे, दहा वर्षं बंद. सुभाषभाऊ म्हणाले होते, "तिच्यावर एक रुपया घालू नका, गिऱ्हाईक वर चढतच नाही." आणि तिलाच नानांनी आपल्या हातांनी चुना मारला! नवी कडी बसवली, बल्ब लावला, पंख्याला तेलपाणी केलं. नळ बसवला, तोही न गळणारा!

"नाना, ही कशाला?"

"पडेल व्हती," एवढंच म्हणाले.

मी पंख्याचा स्क्रू आवळायला त्यांच्या अवजारांच्या डब्यात पेचकस शोधत होते. तळाशी पेपरच्या तुकड्यात काहीतरी नीट गुंडाळून ठेवलेलं. उघडून पाहिलं. नवा कोरा वॉशर.

मी पुडी होती तशी ठेवली, डबा लावला. तो दिवस धुळ्यातच काढला, पण नानांना काही विचारलं नाही. अक्कांची किल्ली तेवढी परत देऊन आले. हा किस्सा ऑफिसातही सांगितला नाही.

*

शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे शिंदखेड्याचे एक मास्तर. धुळ्याला बदली झालेली, बायको आणि लहान मुलगी बरोबर. तेही दुपारी तीनलाच आले. तापलेल्या भिंतीला टेकून बसले. गळक्या नळाखाली हात धुतले, नानांनी केलेलं भरीत दोनदा मागून खाल्लं. फाटकाचा आवाज ऐकून त्यांची मुलगी खिदळली आणि ते फाटक चारदा उघडून लावून आली. घर काही त्यांना झेपणारं नव्हतं, हे त्यांनी तिथंच कबूल केलं. तरी जाताना आपला नंबर देऊन म्हणाले, "रविवारी कळवतो."

जे घ्यायचं नाही, त्याचं कळवणार काय? मला संशय आलाच!

रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखा नानांना फोन लावला. उचलला नाही. दहा मिनिटांनी परत लावला. नाही. अक्कांना लावला. नुसती रिंग. परत नाना. परत अक्का. डोळ्यांसमोर ती न्हाणी, तो तास! ऑफिसात साहेबांना कसंबसं "नाना..." एवढंच म्हणाले आणि स्टँडवर पळाले. एस्टीत बसले. एरंडोल गेलं, पारोळा आलं. नानांना सतरा वेळा लावला. शेजारची बाई म्हणाली, "पोरी, पाणी पी." मला बाटलीचं झाकण उघडेना.

सुभाषभाऊंचा फोन बंद. शेवटी मास्तरांचा नंबर लावला. त्यांचा काय संबंध? काही नाही. दुसरा नंबरच उरला नव्हता.

रिंग गेली. एक. दोन. पाच. फोन उचलला गेला. आधी ऐकू आलं ते फाटक. केवढ्यानं किंचाळलं! मग एक लहान मुलगी खिदळली. मग सामानातलं काहीतरी जड गच्चीच्या जिन्यावर आपटलं, आणि अक्कांचा आवाज, "हळू हो मास्तर, वरनी खोलीनी भिंतले चुना नवा शे!"

"हॅलो? मास्तर? मास्तर, नाना कुठं आहेत? नाना बरे आहेत ना?"

"बोल माय," नाना म्हणाले. "येष्टीमा शे ना तू? ये, ये. फाटक वाजनं का मी चहा टाकस."